तारीख पुढे ढकलली, पण कोणत्या तारखेपर्यंत?

आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे

करोनाच्या साथीत आपल्या घरातील कोणाची शस्त्रक्रिया लांबणीवर पडली असेल, तर त्या अनुभवातून मनात राहिलेला प्रश्न आम्हाला लिहून पाठवावा, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. पत्रे बरीच आली. त्यांतली बहुतेक रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील असून काही रायगडातून आली आहेत. प्रश्न येथे संक्षिप्त करून, पत्रलेखकांची आणि रुग्णालयांची नावे वगळून दिले आहेत. प्रस्तुत लेखक त्या काळात कोकणातील एका तालुक्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सक म्हणून काम करीत होता, त्यामुळे काही उत्तरांत त्याच्या स्वतःच्या चुकांचाही हिशेब आला आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मार्च २०२० च्या अखेरीस माझ्या यजमानांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. आदल्या आठवड्यात रुग्णालयातून फोन आला, की सध्या शस्त्रक्रिया बंद आहेत, पुढे कळवू. नंतर कोणी काहीच कळवले नाही. ऑगस्टमध्ये ऐन गणपतीच्या तोंडावर हर्निया अडकला, रात्री गाडी करून रत्नागिरीला न्यावे लागले आणि आतड्याचा एक तुकडा काढावा लागला. आता ते बरे आहेत. पण मार्चमध्ये ‘तातडीचा नाही’ म्हणून सांगितलेला आजार ऑगस्टमध्ये जिवावर कसा बेतला? मुळात शस्त्रक्रिया पुढे ढकलणे योग्य होते का?
— निवृत्त शिक्षिका, देवरुख

उत्तर : त्या मार्च महिन्यात शस्त्रक्रिया पुढे ढकलणे योग्य होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजी देशभरातील रुग्णालयांना अत्यावश्यक नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना दिली होती आणि तिच्यामागे खाटा व व्हेंटिलेटर मोकळे ठेवण्यापलीकडेही एक कारण होते. शस्त्रक्रियेच्या सुमारास करोनाची लागण झालेल्या १,१२८ रुग्णांचा २४ देशांतील २३५ रुग्णालयांनी मिळून केलेला अभ्यास मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतील २३.८ टक्के रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावले असल्याचे दिसून आले. त्या रुग्णांपैकी बहुसंख्यांची शस्त्रक्रिया तातडीची होती, म्हणजे ते मुळातच अधिक आजारी होते, ही गोष्ट लक्षात घेतली, तरी हर्नियासारख्या एरवी निर्धोक शस्त्रक्रियेसाठी एवढा धोका पत्करावा असे कोणताही शहाणा डॉक्टर म्हणाला नसता.

चूक झाली ती त्यानंतर. ‘तातडीचे नाही’ हे शब्द आम्ही डॉक्टर मंडळी फार सैलपणे वापरतो. त्यांचा खरा अर्थ ‘या आजाराला अमुक इतके दिवस थांबता येईल’ एवढाच असतो, आणि ते दिवस संपले की तोच आजार तातडीचा होतो. ब्रिटनमधील शल्यचिकित्सकांच्या संस्थांनी साथीच्या सुरुवातीलाच शस्त्रक्रियांची वर्गवारी कालमर्यादेनुसार केली होती : चोवीस तासांत, बहात्तर तासांत, चार आठवड्यांत, तीन महिन्यांत आणि तीन महिन्यांनंतर चालेल अशा. या वर्गवारीतले शहाणपण असे, की तिच्यात ‘पुढे कळवू’ नावाचा रकानाच नाही. प्रत्येक नावापुढे मुदत आहे आणि ती संपत आली की त्या रुग्णाचा पुन्हा विचार करणे भाग पडते.

आमच्याकडे काय होते? शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या टेबलावर एक लांबट वही होती. तीत तारखेवर रेघ मारून वर ‘रद्द’ असे लिहिलेले असे. माझ्याही वहीत अशी पाने होती. जूनमध्ये ती पाने उघडून बसलो, तेव्हा कित्येकांचे फोन क्रमांकच लिहून घेतलेले नव्हते. ज्यांचे होते त्यांतले काही लागत नव्हते, कारण आपल्याकडे दरीतल्या वाड्यांवर मोबाइलला रेंज मिळते ती एखाद्या सड्यावर चढल्यावर. शेवटी आशाताईंना यादी दिली आणि त्या घरोघरी जाऊन आल्या. हेच काम एप्रिलमध्ये करता आले असते.

लांबणीवर टाकलेल्या रुग्णांची नोंदवही ही दाखल रुग्णांच्या नोंदीइतकीच काळजीने ठेवली पाहिजे, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. तीत नाव, निदान, घरच्या दोन माणसांचे क्रमांक, गावच्या आशाताईंचे नाव, थांबण्याची मुदत आणि शेवटचा संपर्क कधी झाला त्याची तारीख असावी. दर पंधरवड्याला एका परिचारिकेने फोन करून हर्नियाच्या रुग्णाला तीनच गोष्टी विचारायच्या : आडवे झाल्यावर फुगवटा आत जातो का, दुखणे वाढले आहे का, उलटी झाली का. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ किंवा उरलेल्या दोहोंपैकी एकाचेही ‘हो’ आले, तर त्याच दिवशी बोलावून घ्यायचे. याला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. साथ ऐन भरात असतानाच्या बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबणीवर पडतील असा अंदाज तेव्हा संशोधकांनी वर्तविला होता. या आकड्यातल्या किती जणांना पुन्हा कोणी फोन केला, याची मोजदाद कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

प्रश्न : आमचे जिल्हा रुग्णालय संपूर्णपणे कोविड रुग्णालय झाले आणि अपघात, अपेंडिक्स, अडलेली बाळंतपणे घेऊन लोक कुठे कुठे फिरले. तालुक्यांच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहे होती, पण ती बंद होती. हा निर्णय चुकला असे आपल्याला वाटते का?
— सामाजिक कार्यकर्ता, चिपळूण तालुका

उत्तर : पहिल्या काही आठवड्यांपुरता तो समजण्यासारखा होता. आजार नवा होता, प्राणवायूची नळजोडणी आणि अतिदक्षता विभाग जिल्ह्याच्या ठिकाणीच होते, आणि रुग्ण एकत्र ठेवल्याने संसर्ग आटोक्यात राहील हा विचार गैर नव्हता. परंतु महिनोन्महिने तीच व्यवस्था चालू ठेवणे आपल्या भूगोलाला परवडणारे नव्हते. कोकण ही समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली लांब, अरुंद पट्टी आहे. मंडणगडच्या माणसाला रत्नागिरी गाठायला एरवीच चार तास लागतात. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या आजारासाठी गोव्याला, बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जात आली आहेत, आणि टाळेबंदीत गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका बंद झाला तेव्हा त्यांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय एका दिवसात परराज्यात गेले. घाट चढून कोल्हापूर गाठायचे तर पास, गाडी आणि चालक असे तिन्ही जमवावे लागे.

आता तालुक्याच्या शस्त्रक्रियागृहांविषयी. ती बंद राहिली त्याचे कारण बहुतेक ठिकाणी एकच होते, आणि त्याची चर्चा तेव्हाही झाली नाही, आजही होत नाही. ते कारण म्हणजे भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रिया म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर शल्यचिकित्सक येतो, पण शस्त्रक्रियागृह चालते ते भूलतज्ज्ञावर, आणि साथीत व्हेंटिलेटर चालविणारा माणूसही तोच असतो. घशात नळी घालणे, श्वासाचे यंत्र लावणे, रक्तदाब सांभाळणे ही त्याचीच विद्या आहे. त्यामुळे अतिदक्षता विभागाच्या खाटा वाढविण्याचा आदेश निघाला, की तो आदेश न बोलता शस्त्रक्रियागृहेही बंद करतो. कोकणात तर परिस्थिती आणखी नाजूक आहे. एकच भूलतज्ज्ञ सकाळी या गावातल्या प्रसूतिगृहात, दुपारी पुढच्या गावातल्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे आणि रात्री सिझेरियनसाठी तिसरीकडे, असा स्वतःची औषधांची पेटी घेऊन फिरत असतो. तो चौदा दिवस विलगीकरणात गेला, की चार-पाच रुग्णालयांचे दिवे एकदम मालवतात, आणि एका ठिकाणचा संसर्ग त्याच्याबरोबर पाच ठिकाणी जाण्याची भीतीही असते.

म्हणून माझे म्हणणे असे, की पुढच्या वेळी योजना आखताना आधी खाटा मोजू नयेत. जिल्ह्यात भूलतज्ज्ञ किती, सरकारी किती, खासगी किती, त्यांतले साठीच्या पुढचे किती आणि कोणाला दमा-मधुमेह आहे, हे आधी लिहून काढावे. मग त्यांच्या दोन तुकड्या कराव्यात. एका तुकडीने पंधरा दिवस फक्त साथीच्या रुग्णांचे काम करावे, दुसरीने त्या काळात तिकडे पाऊलही टाकू नये, आणि तिने फिरस्ती बंद करून एकाच इमारतीत बसावे. शल्यचिकित्सक, रुग्ण आणि साहित्य यांनी तिच्याकडे यावे. उदाहरणार्थ, उत्तर रत्नागिरीसाठी एक आणि दक्षिणेसाठी एक अशी दोनच शस्त्रक्रियागृहे, पण चोवीस तास उघडी आणि साथीच्या रुग्णांपासून संपूर्ण वेगळी, अशी ठेवली असती तर लोकांना निदान कुठे जायचे हे कळले असते. सरकारी इमारत नसेल तर एखाद्या खासगी रुग्णालयाशी करार करून ती घेता येते.

वेगळे ठेवल्याने खरोखर फरक पडतो का, असे कोणी विचारील. पंचावन्न देशांतील ९,१७१ कर्करोग-रुग्णांच्या नियोजित शस्त्रक्रियांचा अभ्यास २०२० मध्येच झाला. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि वॉर्ड हे तिन्ही कोविडपासून वेगळे ठेवलेल्या रुग्णालयांत फुप्फुसांचे विकार २.२ टक्के रुग्णांना झाले, आणि तशी सोय नसलेल्या ठिकाणी ४.९ टक्के रुग्णांना. आपल्या जवळचे उदाहरण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे आहे. शहरात साथ वाढत असताना, २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तेथे कर्करोगाच्या ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. टाटासारखे मनुष्यबळ आपल्या तालुक्यांत नाही हे खरे, पण त्यांनी जे मुख्यत्वे केले ते निवड आणि शिस्त यांच्या जोरावर केले. कर्करोगाच्या बाबतीत तर थांबण्याची किंमतही माहीत आहे. शस्त्रक्रियेला होणाऱ्या प्रत्येक चार आठवड्यांच्या विलंबामागे मृत्यूचा धोका सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून २०२० च्या अखेरीस पुढे आले.

आता रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पुढच्या साथीत त्यांच्या सर्वच्या सर्व खाटा एका आजाराला दिल्या जाणार नाहीत, एवढे लेखी स्वरूपात आजच ठरवून घेण्याचा आग्रह आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी धरावा.

प्रश्न : मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. कोविड रुग्णाची शस्त्रक्रिया झाल्यावर खोली किती वेळ बंद ठेवायची यावर आमच्याकडे रोज वाद होत असे. कोणी वीस मिनिटे म्हणे, कोणी एक तास. एसी चालू ठेवायचा की बंद, हेही कोणी नीट सांगितले नाही.
— कणकवली

उत्तर : वाद घालणारे दोघेही बरोबर असू शकतात, कारण हे खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते यावर अवलंबून आहे. तासाला वीस वेळा पूर्ण हवा बदलणारी यंत्रणा असेल, तर हवेत तरंगणारे ९९.९ टक्के कण सुमारे एकवीस मिनिटांत निघून जातात. बारा वेळा बदलत असेल तर त्याला पस्तीस मिनिटे लागतात, आणि सहाच वेळा बदलत असेल तर तासाहून अधिक. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांनी काढलेला वीस मिनिटांचा नियम आपल्याकडे जसाच्या तसा आला, तेव्हा तो कोणत्या खोलीसाठी लिहिला होता हे कोणी पाहिले नाही.

आपल्याकडच्या पुष्कळ लहान शस्त्रक्रियागृहांत भिंतीवर टांगलेला साधा स्प्लिट एसी असतो. तो हवा थंड करतो, बदलत नाही. खोलीतलीच हवा ओढून पुन्हा खोलीत सोडतो. अशा खोलीत हवा किती वेळा बदलते हे मोजलेलेच नसते, आणि न मोजलेल्या ठिकाणी एक तास थांबणे हाच सुज्ञपणा. बाहेर हवा फेकणारा पंखा बसविणे आणि तो कोणाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उघडत नाही हे पाहणे, एवढा खर्च सहज झेपण्यासारखा आहे. पावसाळ्यात मात्र नुसती खिडकी उघडून भागत नाही. जुलैतली कोकणातली हवा आत घेतली की दोन दिवसांत भिंतींना बुरशी धरते आणि साथीतून वाचविलेला रुग्ण जखमेच्या संसर्गात सापडतो. त्या महिन्यांत आर्द्रता काढणारे यंत्र आणि हवा गाळणारे हेपा फिल्टरचे फिरते यंत्र यांवर पैसे घालावेत.

हवेच्या दाबाविषयीही गोंधळ होता. शस्त्रक्रियागृहात बाहेरच्यापेक्षा दाब जास्त ठेवतात, म्हणजे व्हरांड्यातली धूळ आत येत नाही. संसर्गजन्य रुग्णासाठी उलट, आतली हवा बाहेर जाऊ नये असे वाटते. म्हणून काही ठिकाणी घाईघाईने सगळी रचना उलटी करण्यात आली आणि उघड्या जखमेवर व्हरांड्यातली धूळ आली. त्यापेक्षा आतला दाब तसाच ठेवून शस्त्रक्रियागृह आणि व्हरांडा यांच्या मधल्या छोट्या खोलीतली हवा बाहेर ओढून घेणे, आणि त्या खोलीची दोन्ही दारे एकाच वेळी न उघडणे, हे अधिक बरे.

मणक्यात भूल देऊन काम होत असेल तर घशात नळी घालायचीच नाही, हा नियम मात्र आपल्याकडे उत्तम पाळला गेला. सिझेरियन, हर्निया, पायाचे हाड ही सारी कामे त्यात बसतात. पुढे झालेल्या मोजणीत असे दिसले, की नळी घालताना हवेत जेवढे कण उडतात त्यापेक्षा साध्या खोकल्याने जास्त उडतात. म्हणजे त्या क्षणाची आम्हाला वाटलेली भीती थोडी अवाजवी होती आणि खोकणाऱ्या रुग्णाच्या शेजारी बिनधास्त उभे राहण्याचे धैर्यही तितकेच अवाजवी होते. संसर्गापासून बचाव करणाऱ्या त्या अंगभर (पीपीई) पोशाखात, मे महिन्याच्या उकाड्यात, आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी तीन-तीन तास उभे राहून काढले, याची नोंद कोणत्याही शासकीय अहवालात नसली तरी ती येथे करतो.

प्रश्न : दुसऱ्या लाटेत मला करोना झाला आणि नंतर पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा सात आठवडे थांबा असे सांगण्यात आले. सातच का? आणि आजही कोणाला करोना झाला तर एवढे थांबायचे का?
— आंबा बागायतदार, वेंगुर्ले

उत्तर : सात हा आकडा ११६ देशांतील १,४०,२३१ रुग्णांच्या अभ्यासातून आला. त्यांच्या शस्त्रक्रिया ऑक्टोबर २०२० मध्ये झाल्या होत्या. ज्यांना करोना झालाच नव्हता त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यूचे प्रमाण दीड टक्का होते. लागण होऊन दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत ते चार टक्क्यांच्या आसपास, पाच-सहा आठवड्यांनीही साडेतीन टक्क्यांच्या वर, आणि सात आठवड्यांनंतर पुन्हा दीड टक्क्यावर आले. मात्र सात आठवडे उलटूनही ज्यांची लक्षणे गेली नव्हती त्यांच्यात ते सहा टक्के होते. तेव्हा आठवडे मोजण्याबरोबरच घराच्या पायऱ्या चढताना धाप लागते का, हेही डॉक्टरांना सांगणे तितकेच महत्त्वाचे.

हा सारा अभ्यास लसीकरणाच्या आधीचा आहे. लसीनंतर आणि सौम्य प्रकारच्या विषाणूनंतर सर्वांना सरसकट सात आठवडे थांबविण्याची पद्धत मागे पडली असून वय, इतर आजार, शस्त्रक्रियेचा आवाका आणि आजार किती तीव्र झाला होता हे पाहून निर्णय घेतला जातो. आणि पित्ताशयाला सूज येऊन ताप, कावीळ झाली असेल, तर कोणत्याही काळात थांबू नये.

प्रश्न : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत निघणाऱ्या धुरातून करोना पसरतो म्हणून तेव्हा त्या बंद केल्या होत्या. ते खरे होते का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अलिबाग

उत्तर : सुरुवातीला ती शंका रास्त होती, पण त्या मार्गाने लागण झाल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. पोटात भरलेला वायू गाळणीतून बाहेर सोडण्याची दक्षता घेऊन काही महिन्यांतच या शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाल्या.

प्रश्न : प्राणवायू नाही म्हणून एप्रिल-मे २०२१ मध्ये शस्त्रक्रिया थांबविल्या, असे आम्हाला सांगण्यात आले. रक्तपेढीतही रक्त नव्हते. त्यात तौक्ते वादळ आले. अशा वेळी नेमके काय राखून ठेवायचे, हे आमच्या मंडळाला जाणून घ्यायचे आहे, कारण रक्तदान शिबिरे आम्हीच भरवितो.
— मच्छीमार सोसायटीचे सभासद, रत्नागिरी तालुका

उत्तर : प्राणवायूचा हिशेब एकदा मांडून पाहावा. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर प्राणवायू असतो. नाकातून मोठ्या प्रवाहाने मिनिटाला साठ लिटर प्राणवायू देणाऱ्या यंत्रावर तो दोन तासही पुरत नाही. पूर्ण भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत मिनिटाला दोन-तीन लिटर लागतात, म्हणजे त्याच सिलिंडरवर दीड दिवसाहून अधिक काळ भूल देता येईल. मणक्यातल्या भुलेला तर बहुधा लागतच नाही. तेव्हा हर्निया आणि हाडांच्या शस्त्रक्रिया बंद करून प्राणवायूची मोठी बचत झाली असे समजणे बरोबर नाही. बचत झाली ती माणसांची आणि खाटांची, आणि ती आवश्यकही होती. पण कारण जे असेल तेच लोकांना सांगावे, कारण ‘प्राणवायू नाही’ हे वाक्य ऐकून अपेंडिक्सचा रुग्णसुद्धा घरी बसला आणि अपेंडिक्स फुटल्यावर आला.

शस्त्रक्रियागृहासाठी चार-सहा भरलेले सिलिंडर वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात ठेवावेत आणि नळजोडणी बंद पडली तर ते जोडण्याचा सराव महिन्यातून एकदा करावा, एवढे पुरेसे आहे. आपल्याकडे साथ एकटी येत नाही हे तर आपण पाहिलेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील वीज कित्येक दिवस घालविली, मे २०२१ मध्ये दुसरी लाट ओसरण्याआधीच तौक्ते किनाऱ्यालगत गेले, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. जनरेटर, सिलिंडर आणि औषधांचे कोठार तळमजल्यावर ठेवण्याची मुंबई-पुण्याकडची पद्धत चिपळुणात वाशिष्ठी नदीच्या काठी चालत नाही. ही साधने वरच्या मजल्यावर नेणे किंवा किमान जोत्याची उंची वाढविणे, हा मी शस्त्रक्रिया-सेवेचाच खर्च समजतो.

रक्त मात्र फार काळ साठवून ठेवता येत नाही. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स पाचच दिवस. टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली, मंडळांची शिबिरे थांबली आणि महिन्याभरात रक्तपेढ्या रिकाम्या झाल्या. त्याच वेळी आंब्याचा हंगाम होता. कलमावरून आणि माडावरून पडून खुबा, मणका मोडलेली माणसे येतच होती, कारण झाडावरचा आंबा टाळेबंदीसाठी थांबत नाही. म्हणून आपल्या मंडळाला सुचवावेसे वाटते, की एकाच दिवशी दोनशे जणांचे मोठे शिबिर घेण्याऐवजी दात्यांची रक्तगटवार यादी करून दर आठवड्याला दहा-बारा जणांना वेळ ठरवून रक्तपेढीत पाठवावे. साथ असो वा नसो, रक्तपेढीला हेच अधिक उपयोगी पडते. सत्काराचे फोटो मोठ्या शिबिरात चांगले येतात, हे मला ठाऊक आहे. बोटीवर जाणाऱ्या दात्यांची यादी वेगळी ठेवावी, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी ते समुद्रात असल्याचे कळून धावपळ होणार नाही.

प्रश्न : आमच्या भागात जानेवारीपासून माकडताप (जंगलातल्या गोचिडीमुळे होणारा ताप) आणि पावसाळ्यात लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) असतो. साथीत तापाचा रुग्ण म्हटला की दारातच अडवीत आणि अहवाल येईपर्यंत कोणी हात लावीत नसे. पोटात दुखून ताप आलेल्या एका बाईला असेच दोन दिवस थांबावे लागले. आम्ही लोकांना काय सांगावे?
— आशा कार्यकर्ती, दोडामार्ग तालुका

उत्तर : तातडीच्या रुग्णाला अहवालासाठी थांबविणे चूकच होते. ज्याची शस्त्रक्रिया काही तासांत व्हायला हवी, त्याला करोना आहे असे गृहीत धरून, पूर्ण पोशाख घालून, कमीत कमी माणसांत शस्त्रक्रिया करायची आणि अहवाल मागाहून पाहायचा, ही पद्धत तेव्हाही सर्वमान्य होती. ती पाळली गेली नाही, त्यामागे भीती होती आणि सुरुवातीच्या काळात पोशाखांचा तुटवडाही होता. शिवाय अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणून आजार नाहीच असे होत नाही. लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत चाचणीत तो पुष्कळदा सापडत नाही. पहिल्या काही आठवड्यांत आपल्याकडचे नमुने जिल्ह्याबाहेर जात आणि उत्तर यायला दिवस लागत. पुढे गोव्यात तयार होणारी ट्रूनॅटची यंत्रे आली, तासाभरात उत्तर मिळू लागले आणि दारातला हा खोळंबा पुष्कळ कमी झाला. असे एक यंत्र शस्त्रक्रियागृह असलेल्या प्रत्येक तालुका रुग्णालयात कायम चालू स्थितीत असावे. क्षयरोगाच्या तपासणीसाठी ते एरवीही वापरात राहते, त्यामुळे धूळ खात पडण्याची भीती नाही.

लोकांना दोन गोष्टी सांगाव्यात. ताप आधी आला आणि पोटदुखी नंतर, की पोटदुखी आधी आणि ताप नंतर, हे घरच्या माणसांनी लक्षात ठेवून डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. अपेंडिक्समध्ये बहुतेक वेळा दुखणे आधी येते, माकडताप आणि लेप्टो यांची सुरुवात तापाने आणि अंगदुखीने होते. एवढ्यावरून निदान होत नाही, पण दारावरच्या डॉक्टरला रुग्ण कोणत्या वाटेने आत घ्यायचा हे ठरविता येते. दुसरे म्हणजे, घरात कोणाचीही शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर तिचे कागद, सोनोग्राफी, रक्तगट आणि चालू गोळ्यांची यादी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ अडकवून ठेवावी. आमच्याकडे रात्री आलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्याजवळ अशी पिशवी होती, त्यांना टेबलावर घ्यायला लागणारा वेळ निम्म्याने कमी होत असे.